मिटलेल्या तोंडांची मिरवणूक

"ओ माय," म्हातारी म्हणाली, "हू डाइड?"

राजाराम पेंटरांना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण हे दोन शब्द त्यांच्या धंद्यातले होते. ब्रश तसाच हवेत धरून त्यांनी मान वळवली. निळा कोट, गळ्यात मोत्यांची माळ, हातात म्युझियमचा नकाशा. ती गोरी म्हातारी आधी भिंतीवरच्या भल्यामोठ्या चित्राकडे बघत होती, मग त्यांच्या स्टँडवरच्या कॅनव्हासकडे, आणि पुन्हा भिंतीकडे. तिच्या विचारण्यात खोडी नव्हती. तिला खरंच वाटलं होतं, की स्वेटरवर मफलर गुंडाळलेल्या या सावळ्या गृहस्थांनी भिंतीवरचं चित्र सोडून दुसरंच काहीतरी काढायला घेतलंय, कुणाच्या तरी मयताला जमलेली माणसं. मग तिला दोन्हीकडचं गाढव दिसलं, दोन्हीकडच्या द्राक्षांच्या वेली दिसल्या आणि ती ओशाळली. "इट्स व्हेरी नाइस," असं घाईघाईनं म्हणून ती पुढच्या दालनात निघून गेली. लाकडी जमिनीवर तिच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

राजाराम चार पावलं मागे गेले. काम करताना मधूनमधून मागे जाऊन बघायचं असतं, हे ते मिरजेत हाताखालच्या माणसांना बजावून सांगत. स्वतः मात्र गेले सात मंगळवार ते विसरले होते. भिंतीवर दारूच्या देवाची मिरवणूक चालली होती. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फ्लेमिश चित्रकारानं काढलेली, भिंतभर. देव तरुण, गुबगुबीत, केसांत द्राक्षाची पानं खोचून रथात रेललेला. त्याच्यापुढे गाढवावर एक थुलथुलीत म्हातारा, इतका प्यालेला की दोघांनी काखेत हात घालून धरलं नसतं तर धाडकन खाली आला असता. बकऱ्याच्या पायांची माणसं पिपाण्या फुंकताहेत, बाया उघड्या खांद्यांनी डफ वाजवत नाचताहेत, आणि सगळ्यांची तोंडं उघडी. कुणी हसतंय, कुणी ओरडतंय, कुणी वर धरलेल्या द्राक्षांच्या घडासाठी आ वासलाय. दालनात कमालीची शांतता असे, पण त्या चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहिलं की कान किटायचे. आणि राजारामांच्या कॅनव्हासवर तीच माणसं, त्याच जागी, त्याच कपड्यांत, खरं तर जरा जास्तच कपड्यांत, तोंडं मिटून उभी होती. देव सरळ बसला होता, नुकताच पतपेढीचा चेअरमन झाल्यासारखा. गाढवावरच्या म्हाताऱ्याचं पोट आत गेलं होतं आणि मान ताठ झाली होती. डफवालीच्या खांद्यावर पदर आला होता. तो कधी आला हे राजारामांना काही केल्या आठवेना. केस सगळ्यांचे विंचरलेले. आणि सगळेच्या सगळे, बकऱ्याच्या पायांचेसुद्धा, थेट समोर बघत होते. म्हातारीचं काही चुकलं नव्हतं. एकेक हार घातला असता, तर मिरजेतल्या कुठल्याही घरात बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ही मंडळी खपून गेली असती.

चाळीस वर्षं राजाराम मेलेल्या माणसांची चित्रं काढत आले होते. दुकानाच्या पाटीवर 'सर्व प्रकारची पेंटिंगची कामे' असं असलं तरी येणारा माणूस कशासाठी आलाय हे त्यांना पायरीवरच कळे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. आसपासच्या जिल्ह्यांतली माणसं शेवटची आशा म्हणून तिथे येत आणि त्यांतली काही परत जात नसत. तेराव्यानंतर घरातलं कुणीतरी राजारामांकडे येऊन बसायचं आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढायचं. बहुतेक वेळा कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. मागच्या रांगेतल्या हरभऱ्याएवढ्या डोक्यावर बोट ठेवून म्हणायचं, "हे आमचे अण्णा." त्या हरभऱ्यातून राजाराम अण्णांना उभं करत. पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, एकेक चौकट मोठी करत न्यायची, अण्णांनी जन्मात कोट घातला नसला तरी कोट घालायचा, गालावरचा मस ठेवायचा की काढायचा ते घरच्यांना विचारायचं. काहींचा तर जिवंतपणी फोटोच निघालेला नसे. मग खुर्चीत बसवून, छातीला मागून धोतर बांधून काढलेला शेवटचा फोटो यायचा, आणि त्यावरून डोळे उघडायचं काम राजारामांचं. ते डोळे असे उघडत की बायका दुकानातच पदरानं डोळे पुसायला लागत. नजर सरळ, तोंड मिटलेलं, ओठ एकावर एक. गेलेलं माणूस हसताना कुणालाच नको असतं. चाळीस वर्षांत राजारामांनी एकही दात रंगवला नव्हता. आणि आता एकसष्टाव्या वर्षी, ओहायोतल्या या म्युझियममध्ये, ते दर मंगळवारी दात शिकायला येत होते.

कारण मालिनीला हसताना काढायचं होतं. गेल्या मार्चमध्ये ती गेली. दोघांनी मिळून शैलेंद्रकडे यायचं ठरलं होतं. पासपोर्ट झाले होते, कॉन्सुलेटची तारीख लागली होती, नातेवाइकांना सांगून झालं होतं. आणि एका सकाळी दूध तापवता तापवता ती खाली बसली ती उठलीच नाही. शैलेंद्र आला, सगळं उरकलं, आणि दोघांच्या नावानं ठरलेल्या प्रवासाला राजाराम एकटे निघाले. आता डब्लिन नावाच्या या गावात, जिथे रस्ते होते पण रस्त्यावरून चालणारं माणूस नव्हतं, ते सुनेनं दिलेल्या उबदार खोलीत राहत होते. शैलेंद्र आणि दीपा सकाळी आठला आपापल्या गाड्या घेऊन जात ते सहाला परत येत. मधल्या दहा तासांत घर गरम ठेवणारी भट्टी सुरू झाल्याचा आवाज येई, बंद झाल्याचा आवाज येई. शनिवारी कुणाकडे तरी जेवण असे. तिथली मंडळी "काका, बसा ना," म्हणून मोठ्या अदबीनं सोफा रिकामा करून देत आणि मग घरांच्या कर्जाबद्दल आणि बर्फाबद्दल बोलत राहत. राजारामांना एकटं वाटे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण विचारलं कुणी नव्हतं. विचारलं असतं तरी, "छे, मजेत आहे," असंच ते म्हणाले असते.

जानेवारीत दीपानं विषय काढला. वर्षश्राद्ध पंधरा मार्चला करायचं होतं. तिथी आठवड्याच्या मध्येच कुठेतरी येत होती, पण अमेरिकेत पितरांनाही शनिवारच सोयीचा. "बाबा, मी दहा-बारा फॅमिलीज इन्व्हाइट केल्यात. आईंचा फोटो एनलार्ज करायला देऊ, की तुम्हीच पेंट करताय?" राजाराम म्हणाले, "मी करतो." चेहरा नीट दिसेल असा फोटो एकच होता, पासपोर्टचा. तो काढला तेव्हा राजाराम शेजारीच उभे होते. फोटोग्राफर म्हणाला होता, "हसू नका हं बाई," आणि मालिनी इतकी हसली नाही, की फोटोत ती कुणीतरी पकडून आणून बसवल्यासारखी दिसत होती. त्यावरून तीन दिवसांत चित्र झालं असतं. डोळे तर उघडेच होते. पण ते चित्र कसं होणार हे राजारामांना आधीच दिसत होतं: अण्णा, आप्पा, कुणाची काकू, कुणाची नणंद, आणि त्यांच्या रांगेत शेवटची मालिनी. तिला त्या रांगेत नेऊन बसवायची त्यांना भीती वाटत होती. एकदा बसवली की ती तशीच होती असं त्यांनाच वाटायला लागेल, दुसरी कुठली मालिनी आठवणार नाही. धंद्यात हे त्यांनी पाहिलं होतं. वर्षभरानं माणसं चित्रासारखाच चेहरा आठवायला लागत. हसताना काढायचं, नाहीतर काढायचंच नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्यानंतरच्या रविवारी शैलेंद्र त्यांना म्युझियम दाखवायला घेऊन आला, आणि हा शंभर उघड्या तोंडांचा दंगा बघून ते जागीच खिळले. शैलेंद्र पाचदा घड्याळ बघून गेला, पण ते हलले नाहीत. शेवटी त्यानंच तिथल्या ऑफिसात विचारून फॉर्म भरला. नक्कल करायला मंगळवारी दहा ते एक परवानगी होती. खाली कापड अंथरायचं, ओळखपत्र गळ्यात घालायचं, आणि कॅनव्हास मूळ चित्राच्या मापाचा नसावा, लहानच असावा. ही शेवटची अट राजारामांना फार आवडली. त्यांच्या धंद्यात कायम उलटं असायचं.

म्हातारी गेली, आणि राजारामांनी टर्पेंटाइनच्या चिंधीनं डफवालीचं तोंड पुसून टाकलं. सात आठवड्यांचं काम दोन फटक्यांत गेलं. मग त्यांनी स्टूल चित्राच्या जितकं जवळ नेता येईल तितकं नेलं आणि ब्रश न उचलता नुसते बघत बसले. डफवाली डावीकडे होती. मान मागे टाकून, खांद्यावरून कुणाकडे तरी बघत ती हसत होती. राजाराम तिच्या तोंडात डोकावले, आणि त्यांना तिथे दात दिसेनात. लांबून शुभ्र दिसणारे ते दात जवळून नव्हतेच. वरच्या ओठाखाली सावलीचा एक तपकिरी पट्टा, त्याखाली राखाडी रंगाचा एकच सरळ फटका, आणि त्यावर कडेला टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. बस. त्या फ्लेमिश लबाडानंही एक दात रंगवला नव्हता. राजारामांना हसूच आलं. आणि मग दिसत गेलं, की हसणं तोंडात नव्हतंच. ते खालच्या पापण्यांत होतं. गाल वर चढून त्यांना ढकलत होते. नाकपुड्यांत होतं. गळ्याची शीर ताणली होती तिथे होतं. आपण सात मंगळवार नुसते ओठांशी झटापट करत होतो, हे त्यांना कळलं. त्यांनी ब्रश उचलला. पापणी वर घेतली, गाल चढवला, नाकपुडी रुंदावली, तपकिरी पट्टा, राखाडी फटका. शेवटी श्वास रोखून ठिपका ठेवला आणि मागे गेले. त्या सगळ्या गंभीर मंडळींत एक बाई खदखदून हसत होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून एक तोंड उघडलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की दाखवायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. दालनात कुणी नव्हतं. "बघ," ते मराठीत म्हणाले, आणि आपण मोठ्यानं बोललो म्हणून दचकले. एक वाजता वॉल्टर नावाचा रखवालदार नेहमीसारखा "टाइम, मिस्टर पेंटर," म्हणत आला. कॅनव्हासपाशी तो थांबला. "नाउ शी इज हॅविंग अ गुड टाइम," असं म्हणून त्यानं अंगठा वर केला. परतीच्या बसमध्ये राजाराम हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बस डब्लिनच्या अलीकडेच संपायची. तिथून पुढे अर्धा तास, रस्त्याकडेला ढकललेल्या काळपट बर्फाच्या कडेकडेनं, ते त्या दिवशी जवळजवळ पळतच घरी आले.

तळघरात, कपड्याच्या मशीनशेजारी, शैलेंद्रनं त्यांना जागा करून दिली होती. राजारामांनी कोटही न काढता नवा कॅनव्हास लावला. पासपोर्टच्या फोटोवर चौकटी आखल्या आणि चार दिवसांत मालिनीचा चेहरा उभा केला. कपाळ, कपाळावर कुंकू, कानामागे जाणारी बट, उजव्या भुवईवरचा लहानपणी पडल्याचा व्रण. फोटोत तो दिसत नव्हता, पण त्यांना ठाऊक होता. हात झरझर चालत होता. तोंडाची जागा त्यांनी मोकळी सोडली होती. शनिवारी दुपारी, दीपा आणि शैलेंद्र दुकानांत गेलेले असताना, त्यांनी तपकिरी रंग कालवला, ब्रश त्या मोकळ्या जागेपर्यंत नेला आणि हात थांबला. तोंड किती उघडायचं? दात वरचेच दिसायचे की खालचेही? हिरड्या दिसायच्या? तोंड एका बाजूला जायचं का? त्यांनी डफवालीचं हसू जसंच्या तसं उचलून मालिनीच्या चेहऱ्यावर ठेवून पाहिलं. मालिनीचे डोळे आणि त्यांच्याखाली त्या फ्लेमिश बाईचं तोंड. ते इतकं भयंकर दिसलं की त्यांनी ते हातानंच पुसलं. वय झालं, विसरलो, असं म्हणून ते मशीनला टेकून बसले आणि आठवायला लागले. एकेक प्रसंग काढून बघत गेले. लग्नात ती खाली मान घालून होती. शैलूचं बारसं झालं तेव्हा आत बायका हसत होत्या, त्यांतलं तिचं हसू त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं. नरसोबाच्या वाडीला गेले होते तेव्हा नावेच्या दुसऱ्या टोकाला ती बायकांत बसली होती, पाठमोरी, आणि तिची पाठ हलत होती. शेजारची शोभा आली की स्वयंपाकघरात दोघींचं काय चाले कोण जाणे. तिथूनही तेच हसू येई. आवाज सगळीकडे होता. आवाज इतका लख्ख होता, की तळघरात कुणी हसलं असतं तर शंभर बायकांतून त्यांनी तो ओळखला असता. पण आवाजाच्या मागे चेहऱ्याच्या जागी दर वेळी दुसरंच काहीतरी येई: स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा, भिंत, कुणाची तरी पाठ. आणि हळूहळू राजारामांच्या लक्षात आलं की ते काही विसरले नव्हते. विसरायला ते आधी पाहिलेलं असावं लागतं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांनी मालिनीला हसताना पाहिलंच नव्हतं.

असं कसं होईल, असं त्यांनी स्वतःलाच दरडावून विचारलं, पण उत्तर त्यांना माहीत होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. दुकान तेव्हा घरातच होतं, बाहेरच्या खोलीत. जतकडचं एक जोडपं आलं होतं. त्यांची सहा वर्षांची मुलगी गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. बाप नुसता तोंडानं सांगत होता, नाक असं, कपाळ असं, आणि राजाराम कागदावर काढून दाखवत होते. बाप "नाही, असं नाही," म्हणत होता. आई भिंतीला टेकून बसली होती. तेवढ्यात आतून मालिनीचं हसू फुटलं. नवीन, अठरा वर्षांचं, कशाचंच भान नसलेलं हसू. भिंतीला टेकलेल्या बाईनं मान वर करून आतल्या दाराकडे पाहिलं. रागानं नाही, काहीतरी फार लांबचं ऐकू आल्यासारखं. राजारामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठून आत गेले. ते आवाज चढवणारे नव्हतेच, शांतपणे म्हणाले, "बाहेर माणसं बसलीत. आपल्या घरात हसणं बरं दिसत नाही." मालिनीनं मान हलवली. भांडण नाही, रुसवा नाही, पुन्हा त्याचा उल्लेखही नाही. पुढे दुकान बाजारात गेलं, घरात कुणी दुःखी माणूस येऊन बसेनासा झाला, पण सांगितलेलं कुणी मागे घेतलं नाही. राजारामांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं की आतलं हसणं तुटायचं. ते आत जाऊन बघत तेव्हा मालिनी भाजी चिरत असे, किंवा शैलूचं दप्तर भरत असे. तोंड मिटलेलं, नजर सरळ. आपल्या येण्यानं घर गप्प होतं याचा राजारामांना त्या वेळी थोडा अभिमानच वाटायचा. बाहेर चारचौघांत ते म्हणतही, "आमच्याकडे आवाज नसतो." आता तळघरात त्या वाक्याची त्यांना इतकी लाज वाटली, की समोरच्या कॅनव्हासकडे त्यांना बघवेना. चेहऱ्याच्या मधोमध जिथे तोंड असायचं तिथे रंग पुसल्याचा डाग होता. तो डाग बरोबर आहे, असं त्यांना वाटलं. मालिनी त्यांना जेवढी माहीत होती तेवढी तिथे होती, आणि जी माहीत नव्हती तिथे डाग होता. रात्री जेवताना त्यांनी दुसरी पोळी नको म्हटलं, आणि दीपानं बरं वाटत नाही का म्हणून विचारलं तेव्हा "छे, मजेत आहे," म्हणाले.

रविवारी सकाळी दीपानं पोहे केले होते. शैलेंद्र जाडजूड पेपर टेबलभर पसरून बसला होता. बाहेर ऊन पडलं होतं, बर्फावरचं, उबेचा पत्ता नसलेलं. राजारामांनी पोहे संपवले, पाणी प्याले आणि एकदम विचारलं, "शैलू, तुझी आई हसायची कशी रे?"

शैलेंद्रनं पेपर खाली केला. "म्हणजे?"

"म्हणजे हसताना दिसायची कशी? दात दिसायचे? डोळे कसे व्हायचे?"

शैलेंद्रनं दीपाकडे पाहिलं. "बाबा, आर यू ओके?"

"मी विचारतोय तेवढं सांग."

"हसायची की. म्हणजे, नॉर्मल. खूप हसायची ॲक्चुअली. शोभामावशी आली की दोघी अक्षरशः वेड्यासारख्या..." आणि तो थांबला. घरातलं काहीतरी चुकून बाहेर फुटलं की लहानपणी थांबायचा तसा.

"करून दाखव," राजाराम म्हणाले.

"काय?"

"ती हसायची तसं. करून दाखव. मला चित्रासाठी हवंय." आणि मग, कारण एवढ्यानं भागणार नाही असं त्यांना वाटलं, "मी तिला हसताना कधी पाहिलं नाही."

शैलेंद्र तिशी ओलांडलेला होता, ऑफिसात त्याच्या हाताखाली अकरा माणसं होती. त्यानं पेपर बाजूला केला, खुर्चीत सरळ बसला, खरोखर प्रयत्न करायचा म्हणून तोंड उघडलं, आणि त्यातून नुसता खोकला आला. दुसऱ्यांदा केलं तर तेही नाही. तो कसंनुसं म्हणाला, "असं एकदम नाही जमत हो, बाबा. सॉरी." त्याचे ओठ एकावर एक बसले, नजर समोर राहिली. राजारामांनी ते तोंड पाहिलं. ते त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं, आणि ते कुणाच्या हातचं काम आहे हेही त्यांना कळलं. "राहू दे रे. सहज विचारलं," असं म्हणून त्यांनी बशी बेसिनमध्ये ठेवली, तळघराचं दार उघडलं, मागे लोटून घेतलं आणि कठड्याला धरून ते उतरायला लागले.

ते निम्म्या पायऱ्यांवर असतील. वरून दीपाचा आवाज आला, हळू, पण दार पातळ होतं. "खरंच, कशा हसायच्या रे? मी पण कधी पाहिलं नाही. मी आले की एकदम डीसेंट बसायच्या."

"अगं, भारी हसायची," शैलेंद्रचा आवाज वेगळाच झाला होता, बारीक, मिरजेतला. "आधी श्वास आत ओढायची. असा. मग आवाजच नाही. डोळे गच्च. आपल्याला वाटायचं, संपलं, गेली ही. आणि मग..."

आणि मग ते आलं. पुरुषी घशातून, जाडसर होऊन, पण तेच. आधी वर चढणारं, मध्येच उचकीसारखं अडकणारं, आणि मग घरंगळत खाली येणारं. राजारामांनी कठडा घट्ट धरला. वर दीपा फिस्सकन हसली. "नाही! सीरियसली?" "हो ना. आणि हात असा मांडीवर," शैलेंद्र म्हणाला, आणि फाटकन मांडीवर हात आपटल्याचा आवाज आला. "आणि शोभामावशीला म्हणायची, मेले, गप, मरेन मी." दीपाची खुर्ची सरकली. ती आता आवरत नव्हती, आणि तिच्या हसण्यानं शैलेंद्रलाही खरंच हसू फुटलं. आता त्यात नक्कल कुठली आणि त्याचं स्वतःचं कुठलं हे सांगता आलं नसतं.

राजाराम वळले आणि जमेल तितक्या हलक्या पायांनी वर आले. दाराच्या मुठीवर त्यांनी हात ठेवला. पलीकडे सगळं होतं. शैलूची हनुवटी आईची, जिवणी आईची. ते मिटलेले डोळे, तो चढलेला गाल, ते दात, सगळं त्या क्षणी त्या चेहऱ्यावर होतं. एकदा बघितलं असतं तरी पुरलं असतं. चाळीस वर्षं हरभऱ्याएवढ्या डोक्यांवरून माणसं उभी करणाऱ्याला याहून जास्त काय लागतं? फक्त मूठ फिरवायची होती. पण मूठ फिरवली की आत काय दिसेल हे त्यांना माहीत होतं: टेबलाशी बसलेली दोन माणसं, नुकतीच सरळ झालेली, "काय बाबा, काही हवंय?" म्हणणारी. त्यांनी हात काढून घेतला. खाली तोंडाशिवायचा कॅनव्हास तसाच होता, पंधरा तारखेला तेरा दिवस उरले होते, आणि त्या चित्राचं काय करायचं हे त्यांना मुळीच कळत नव्हतं. पण त्या क्षणी ते फारसं महत्त्वाचं वाटेना. ते दारापाशी, वरच्या पायरीवर, अंधारात हळूच खाली बसले.

"अजून एकदा कर ना," आत दीपा धापा टाकत म्हणाली.

शैलेंद्रनं श्वास आत ओढला. आवाज नाही, काही नाही. आणि मग ते पुन्हा वर चढलं, अडकलं, घरंगळलं, आणि राजारामांच्याही पोटातून काहीतरी वर यायला लागलं, खांदे हलायला लागले. आत ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून धरले.